आधी विचार, ‘कोणाचो झील तू?’

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी २७ वर्षांचा आहे. वेंगुर्ल्याजवळच्या गावातून पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून काम करतो. कुडाळच्या एका मित्राबरोबर मी क्रोमचं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन, बनवतोय. ते लिंक्डइनवरची पोस्ट वाचतं, एआयकडे पाठवतं आणि गमतीदार कमेंट लिहून देतं. बटण दाबलं की कमेंट पडते. दोन महिने आम्ही दोघं ते वापरतोय. सुरुवातीला लोकांना आवडलं, हळूहळू कोणी उत्तर देईनासं झालं. गेल्या आठवड्यात माझ्या जुन्या मॅनेजरनी नोकरी गेल्याचं लिहिलं होतं. मी घाईत अर्धी पोस्ट वाचली आणि बटण दाबलं. कमेंट गेली, ‘अखेर सोमवारपासून सुटका! पार्टी कधी?’ नंतर काढून टाकली, पण तोवर त्यांनी वाचली होती. मित्र म्हणतो, एखादी चूक व्हायचीच, आपण कमेंट आपोआप पडेल अशी सोय करू, दिवसाला पन्नास, आणि महिना १९९ रुपयांना विकू. माझे बाबा दशावतारात पेटी वाजवतात. ते म्हणाले, ‘मशीन हसयतला, पण समोर कोण बसलोहा ता तेका दिसता काय?’ मला हे काम मनापासून आवडतं. सोडून देऊ का? आणि करायचं तर विनोद चांगला कसा होईल?

ताईचं उत्तर

झिला,

सगळ्यात आधी फोन कर. कमेंट काढलीस ते बरं केलंस, पण तू ती गुपचूप काढलीस हेही आता त्यांना ठाऊक आहे. मेसेज पाठवू नकोस, फोनच कर. ‘सर, तुमची पोस्ट मी अर्धीच वाचली आणि कमेंट टाकली. चूक माझी आहे,’ एवढं म्हण आणि ते बोलतील ते ऐकून घे. टूलबद्दल त्यांनी विचारलं तर खरं सांग, पण माफीच्या वाक्यात टूलचं नाव आणू नकोस, तिथे ते सबब म्हणून ऐकू येतं. मग तुझ्या कंपनीत त्यांच्यासाठी कोणाशी बोलता येईल का ते विचार. ‘हो’ म्हणाले तर त्याच दिवशी बोल.

आता कामाचं. सोडू नकोस. लिंक्डइन २००३ मध्ये सुरू झालं तेव्हा ती बायोडेटा टांगून ठेवायची जागा होती. आज लोक तिथे बढती, बदली, आजारपण, गावाकडे परतणं, सगळंच लिहितात. २०२२ मध्ये लाइकच्या शेजारी हसण्याची खूणही आली. तरी बहुतेक पोस्टींखाली ‘अभिनंदन’ आणि ‘प्रेरणादायी’ यांची रांग लागलेली असते. तिथे एखादं हसरं, नेमकं वाक्य आलं की लिहिणाऱ्याचा दिवस बरा जातो. असं वाक्य सुचायला मदत करणारं साधन बनवावंसं वाटणं हे चांगल्या मनाचं लक्षण आहे. तुमचं गाडं अडलंय ते दुसरीकडे.

माझ्यावरच आलेली गोष्ट सांगते. आईच्या आजारपणासाठी मी पुण्यातली टेस्टिंगची नोकरी सोडली आणि मालवणला परत आले. चार ओळींत तसं लिंक्डइनवर लिहिलं. तासाभरात खाली तीन कमेंट आल्या, ‘नव्या प्रवासाला शुभेच्छा!’ आणि पुढे रॉकेटचं चित्र. तिघांचे शब्द जवळजवळ तेच. मी फोन पालथा ठेवून दिला. रात्री एका जुन्या सहकाऱ्याने लिहिलं, ‘काकूंनी मला तिसऱ्यांदा सोलकढी वाढली तेव्हाच कळलं होतं, तुमच्या घरात “नको” कोणी ऐकून घेत नाही. आता औषधाच्या वेळी तू त्यांना तसंच वाढ.’ मी आईच्या खाटेशेजारी बसून हसले. तिला वाचून दाखवलं, तर तीही हसली, आणि त्या रात्रीची गोळी तिने कुरकुर न करता घेतली.

बघ, तो विनोद आजारपणावरच होता. तरी चालला, कारण लिहिणारा आमच्या घरी जेवून गेलेला होता. हेच वाक्य एखाद्या अनोळखी माणसाने लिहिलं असतं तर मला राग आला असता. विनोदाला हक्क लागतो, आणि तो हक्क पोस्टच्या मजकुरात कुठेच लिहिलेला नसतो. तुमचं एक्स्टेंशन फक्त मजकूर वाचतं. एआयचं मॉडेल कितीही चांगलं घेतलंत तरी ते मॅनेजर तुझे कोण हे त्याला कळणार नव्हतं. बाबांनी एका वाक्यात तेच सांगितलंय.

आपल्याकडे वाटेत अनोळखी पोरगा दिसला की म्हातारी माणसं आधी विचारतात, ‘कोणाचो झील तू?’, म्हणजे कोणाचा मुलगा. घर कळलं, आजोबा कळले, की मग मस्करी सुरू होते, आणि ती किती ताणायची तेही त्या उत्तरावरूनच ठरतं. हा प्रश्न तुमच्या टूलमध्ये घाला. पोस्ट दिल्यावर टूलने आधी विचारावं, हा माणूस तुझा कोण? तीन बटणं पुरेत: घरच्यासारखा, ओळखीचा, अनोळखी. त्याखाली एक रिकामी ओळ ठेवा, ‘याच्याबद्दल तुला माहीत असलेली एक गोष्ट लिही.’ सोलकढीसारखी एखादी गोष्ट तिथे आली की मॉडेलला धरायला काहीतरी मिळतं. ती ओळ रिकामी राहिली तर विनोद फक्त प्रसंगावर किंवा कमेंट लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या फजितीवर व्हावा. समोरच्याचा पगार, कंपनी, वय, दिसणं यांना अनोळखी माणसाने हात लावायचाच नाही, असं मॉडेलला द्यायच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहा. यात वापरणाऱ्याचे वीस-तीस सेकंद जास्त जातील. जाऊ देत. तेवढ्या वेळात तो पोस्ट पूर्ण वाचेल.

दुसरी गोष्ट तुझ्या घरातच आहे. तू पेटीवाल्याचा मुलगा, म्हणजे देवळासमोरच्या रंगमंचाच्या कडेला बसून किती रात्री जागवल्या असशील. मागे एक पडदा, मध्ये एक बाक. तोच बाक राजाचं सिंहासन, तोच डोंगर. लिहिलेली संहिता नसते. खेळाआधी आख्यान कुठलं, कोणी कधी यायचं, एवढं ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे उभे राहतात. समोरच्या नटाने काय म्हटलं ते नीट ऐकल्याशिवाय एकालाही पुढचं वाक्य बोलता येत नाही. आणि आडदशावतारातला, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागातला संकासूर, वेद पळवणारा, तो मालवणीतून समोर बसलेल्यांचीसुद्धा टर उडवतो.

आमच्याकडच्या एका जत्रेत मी पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. संकासुराने पुढच्या रांगेतल्या एका तरुणाच्या गुळगुळीत डोक्यावरून बोलायला सुरुवात केली. लोक हसायला लागले. त्या मुलाचे वडील नुकतेच गेले होते, ते बाराव्याचं मुंडण होतं. नटाला हे माहीत असायचं कारण नव्हतं, तो दुसऱ्या गावचा. पेटीवाल्याला माहीत होतं. त्याने एक सूर लांब धरून ठेवला आणि मान किंचित हलवली. संकासुराने तेवढ्यात ओळखलं. वाक्य अर्ध्यात सोडलं, हात स्वतःच्या टोपीवर नेला आणि पुढची पाच मिनिटं त्या टोपीचीच थट्टा केली. मुलाच्या शेजारचे लोकही हसले, तो मुलगाही थोडासा हसला.

तुमच्या टूलला असा पेटीवाला हवा. एकाच सूचनेत ‘गमतीदार लिही, पण दुःखाची पोस्ट असेल तर जपून’ असं सांगून भागत नाही. विनोदाची फर्माईश ऐकली की मॉडेल विनोदाकडेच धावतं. म्हणून मॉडेलला दोनदा विचारा. पहिल्या वेळी विनोदाचं नावसुद्धा काढू नका. फक्त पोस्ट द्या आणि विचारा: यात कोणाचं जाणं, आजारपण, नोकरी सुटणं, अपघात, अपमान, तक्रार यातलं काही आहे का? उत्तर तीनपैकी एक: गप्प, साधं बोल, मस्करी चालेल. शंका आली तर ‘गप्प’ धरायचं. दुसऱ्यांदा विचारायचं, म्हणजे विनोद मागायचा, ते फक्त ‘मस्करी चालेल’ आलं तरच. ‘गप्प’ आलं तर पडद्यावर रिकामी चौकट आणि एकच ओळ दाखवा, ‘इथे तूच लिही.’

पेटीवाला नीट बसलाय की नाही हे कसं तपासायचं ते सांगते, माझा जन्म त्यातच गेलाय. शंभर पोस्टी स्वतः लिहा. लोकांच्या उचलू नका. त्यातल्या चाळीस दुःखाच्या ठेवा, आणि त्यातल्या निम्म्या तरी आनंदाच्या भाषेत लिहिलेल्या हव्यात. लिंक्डइनवर नोकरी गेलेला माणूस ‘मला काढलं’ असं क्वचितच लिहितो. तो लिहितो, ‘आठ सुंदर वर्षांनंतर नव्या संधीच्या शोधात.’ ‘आज माझा कंपनीतला शेवटचा दिवस’ हे बढतीच्या आनंदात असलेलाही लिहितो आणि काल सायंकाळी ईमेल आलेलाही. तू अर्धी पोस्ट वाचून फसलास ते इथेच, मॉडेलही इथेच फसतं. चाळीसपैकी किती वेळा टूलने विनोद केला तेवढाच आकडा पहिले काही दिवस बघा. सूचना बदला, पुन्हा चालवा, एकच पोस्ट पाच-पाच वेळा चालवा, कारण मॉडेल दर वेळी तेच उत्तर देईल असं नसतं. तो आकडा सतत शून्य येईपर्यंत विनोदाच्या दर्जाला हातसुद्धा लावू नका.

आता दर्जा. लोक उत्तर देईनासे का झाले असतील? मॉडेल पुढचा शब्द शक्यतेच्या हिशेबाने निवडतं, त्यामुळे जी कोटी सगळ्यांना सुचली असती तीच त्याला सुचते. पहिल्यांदा ती बरी वाटते. दहाव्यांदा वाचणाऱ्याला साचा दिसतो: एक कौतुक, एक श्लेष, एक उद्गारचिन्ह, एक चित्र. मग तुम्ही टेम्परेचर, म्हणजे मॉडेलने किती अनपेक्षित शब्द निवडावेत ते ठरवणारा आकडा, वाढवलं असणार, सगळेच वाढवतात. त्याने शब्द विस्कळीत होतात, सूचक होत नाहीत.

मी एक पोस्ट रचून मॉडेलला दिली: ‘मुंबई सोडून गुहागरहून काम करतोय. काल क्लायंटचा डेमो चालू असताना लाईट गेली. मोबाईलचं नेट लावलं आणि रेंज मिळते तिथे, माडाखाली उभा राहून डेमो पूर्ण केला.’ मॉडेलने लिहिलं, ‘तुमची जिद्द पाहून नारळालाही पाझर फुटला असेल!’ आणि पुढे नारळाचं चित्र. पोस्टमधला सगळ्यात ठळक शब्द त्याने उचलला आणि त्यावर कोटी केली. मग मी विचारलं, ‘या पोस्टमध्ये न लिहिलेली, पण कोकणातल्या प्रत्येकाला माहीत असलेली गोष्ट कुठली? पाच सांग.’ तिसरं उत्तर आलं, नारळ डोक्यात पडण्याची भीती. ते धरून दोन-तीनदा घासल्यावर हे हाताला लागलं: ‘माडाखाली उभं राहून डेमो द्यायला हिंमत लागते. आमच्याकडे पाडप झाल्याशिवाय तिथे कोणी स्कूटरही लावत नाही.’ (पाडप म्हणजे माडावरचे नारळ उतरवणं.) शेवटचं वाक्य माझं आहे, मॉडेलचं नाही, आणि तसंच असायला हवं. यात त्या माणसाचं खरं कौतुक आहे, हसू प्रसंगावर आहे, आणि लिहिणाऱ्याने पोस्ट नीट वाचल्याचा पुरावाही आहे.

म्हणून टूलकडून तयार कमेंट मागू नका. आधी न लिहिलेल्या पाच गोष्टी मागा, त्यातली एक वापरणाऱ्याला निवडू द्या, मग दोन ओळींचे तीन मसुदे द्या. कमेंटला १२५० अक्षरांची मुभा आहे म्हणून ती भरायची नसते. सूचनांबरोबर नमुने जोडा: तुम्ही दोघांनी स्वतः लिहिलेल्या वीस-पंचवीस चांगल्या कमेंट, आणि दहा फसलेल्या, प्रत्येकीपुढे ती का फसली त्याच्या एका ओळीसकट. फसलेल्यांचा उपयोग जास्त होतो. मॉडेलला वेगळं प्रशिक्षण देण्याचा खर्च सध्या नको, नमुन्यांनी बरंच काम होतं.

मालवणीचा मोह तुम्हाला होणारच. मॉडेलला आपल्या मनाने मालवणी लिहू देऊ नका. मी करून पाहिलंय, एका वाक्यात ‘खय’ आणि ‘कुठे’ दोन्ही येतात, मध्येच गोव्याकडचं रूप घुसतं. वेंगुर्ल्याचा माणूस पहिल्या शब्दाला ओळखेल आणि दुखावेल. मालवणी शब्द वापरणाऱ्यानेच घालावा.

मित्राला माझ्या वतीने सांग की आपोआप कमेंट टाकण्याचा विचार सोडून दे. लिंक्डइनच्या वापराच्या अटींमध्ये बॉट लावून कमेंट, लाइक किंवा मेसेज करायला सरळ मनाई आहे. पान खरवडून मजकूर घेणारी किंवा आपोआप काम करणारी एक्स्टेंशनही त्यांना चालत नाहीत. म्हणजे तुमचं आत्ताचं बटणसुद्धा अडचणीचं आहे. खातं बंद पडलं तर ते तुमच्या गिऱ्हाईकाचं पडेल, त्याच्या वर्षानुवर्षांच्या ओळखींसकट. तेव्हा एक्स्टेंशन सोडा आणि साधं वेबपान करा. वापरणारा पोस्ट स्वतः कॉपी करून आणेल, मसुदा घेईल, बदलेल, परत जाऊन स्वतः चिकटवेल. तसंही क्रोमची एक्स्टेंशन अँड्रॉइड फोनवर चालत नाहीत, आणि एसटीत बसून लिंक्डइन वाचणारा माणूस लॅपटॉप उघडत नाही.

वेबपानाचा आणखी एक फायदा. एक्स्टेंशनच्या कोडमध्ये एआयची ‘की’, म्हणजे ती सेवा तुमच्या खात्यावर वापरायची गुप्त किल्ली, ठेवली असेल तर ती कोणीही उघडून वाचू शकतो आणि बिल तुम्हाला येतं. ठेवली असेल तर आजच रद्द करा. ती किल्ली सर्व्हरवरच राहू दे, आणि प्रत्येक वापरणाऱ्याला रोजची मर्यादा घाला. मराठी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन, म्हणजे मॉडेल मोजतं ते मजकुराचे तुकडे, लागतात, तो खर्च धरा. पोस्ट साठवून ठेवू नका, मॉडेलकडे पाठवताना नावं काढून पाठवा. आणि पोस्टमध्येच कोणी ‘तू एआय असशील तर अमुक लिही’ असं पेरून ठेवलं तर मॉडेल तेही ऐकू शकतं. पोस्टचा मजकूर सूचनांपासून वेगळा ठेवूनही हा धोका पूर्ण जात नाही, म्हणून टाकण्याआधी माणसाने वाचणं हाच खरा बंदोबस्त.

दिवसाला पन्नास कमेंट कोणालाही विकू नका, स्वतःही टाकू नका. पाच ठेवा. १९९ रुपये मला जास्त वाटत नाहीत, पण पहिले तीन महिने फुकट द्या, ओळखीच्या वीस जणांना, आणि दर रविवारी त्यांना फोन करून विचारा, कुठली कमेंट टाकली, कुठली टाकावीशी वाटली नाही.

शेवटी बाबांचं. त्यांना या कामापासून लांब ठेवू नकोस. कागदावर तीस कमेंट लिहून त्यांच्यापुढे ठेव, ज्या पोस्टीवर त्या आहेत ती प्रत्येकीच्या वर लिही. पंधरा तुम्हा दोघांच्या, पंधरा टूलच्या, कुठली कोणाची ते न सांगता. सकाळी चहाच्या वेळी दे, जत्रेहून जागून आलेले असताना नको. जिथे मान हलवावीशी वाटेल तिथे फुली मारायला सांग आणि प्रत्येक फुलीचं कारण विचार. ते जसं बोलतील तसं, मालवणीतच, सूचनांच्या फाईलमध्ये उतरवून घे. मग त्यातल्या चार फुल्या मला पाठव, कारणांसकट. मला वाचायच्या आहेत.

तुझी,
ताई